खोक्यावर लिहिलं होतं ‘रिकामे’ : विमानाने धोकादायक माल पाठवण्याबद्दल

सहारचा काटा (धागाकर्ता)

मुंबई विमानतळाच्या सहारच्या कार्गोत धोकादायक माल स्वीकारायच्या टेबलावर मला एकोणीस वर्षं झाली. आमची आई शेजारणीला सांगते, "विमानतळावर खोकी मोजतो." अगदी खोटं नाही ते. खोकी मोजतो, उलटीपालटी करून बघतो, कागदाशी ताडतो आणि बऱ्याचदा परत पाठवतो. परत पाठवलं की पार्टी माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करते.

परवा इथल्याच एका धाग्यावर वाचलं, की विमानवाले स्टिकरवरून उगाच नाटकं करतात. म्हणून हा धागा.

टेबलावर नवीन पोरगा आला की पहिल्या दिवशी मी त्याला नियम शिकवत नाही, एक गोष्ट सांगतो. ११ मे १९९६. अमेरिकेत व्हॅल्यूजेट कंपनीचं डीसी-९ विमान मायामीहून अटलांटाला निघालं. दहा मिनिटांच्या आत ते एव्हरग्लेड्सच्या दलदलीत कोसळलं. ११० माणसं होती, एकही वाचलं नाही.

पोटात काय होतं? पाच पुठ्ठ्याची खोकी आणि विमानाची टायर. खोक्यांत होते ऑक्सिजन जनरेटर. डोक्यावरून मास्क खाली पडतात ना, त्यांना ऑक्सिजन पुरवणारे डबे. या डब्यात वायू भरलेला नसतो. सोडियम क्लोरेटची कांडी असते. पिन ओढली की आतली टोपी फुटते, कांडी तापते आणि तापताना ऑक्सिजन सोडते. डब्याचं बाहेरचं अंग अडीचशे अंशांच्या आसपास जातं. हे डबे दुसऱ्या विमानांतून मुदत संपली म्हणून काढलेले होते. मुदत संपली म्हणजे वापरले गेले असं नाही, बरं का! बहुतेक पूर्ण भरलेले, जिवंत. त्यांच्या टोकावर प्लास्टिकची सुरक्षा टोपी बसवायची असते. कागदावर ती बसवल्याच्या सह्या होत्या, डब्यांवर टोप्या नव्हत्या. आणि माल पाठवायच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं : ऑक्सिजनचे डबे, ‘रिकामे’.

त्या विमानाची सामानाची जागा हवाबंद प्रकारची होती. आग लागली तर हवा संपून आपोआप विझेल, असा हिशोब. म्हणून तिथे धूर ओळखणारं यंत्र नाही, विझवायची सोयही नाही. पण आगच स्वतःचा ऑक्सिजन घेऊन आली तर? पुढे अमेरिकेने अशा सगळ्या जागांत धूर ओळखायची आणि आग विझवायची यंत्रणा सक्तीची केली, ती या ११० माणसांच्या नंतर.

त्या खोक्यांत बॉम्ब नव्हता, लपवाछपवी नव्हती, कुणाच्या मनात काळंबेरं नव्हतं. एक शब्द चुकीचा होता. माझ्या टेबलावर मी मुख्यतः शब्दच तपासतो.

प्रश्न असतील तर विचारा. कंपन्यांची नावं घेऊन तक्रारी मात्र नकोत, मला नोकरी करायची आहे.

बंड्या बॅटरीवाला

काका, अंगावर काटा आला. (आयडी सार्थ.)

माझा प्रश्न साधा आहे. पॉवरबँक चेक-इन बॅगेत का टाकू देत नाहीत? केबिनमध्ये माणसं बसलेली असतात. पेटायचीच असेल तर खाली पेटू दे की, वर कशाला? मला हे उलटं वाटतं.

सहारचा काटा

उलटं वाटतं खरं, पण विचार असा आहे. खाली आग विझवायला हॅलॉन वायू असतो. हॅलॉन ज्वाळा दाबतो. पण लिथियम आयनची सेल एकदा बिघडली की तिची आतली रासायनिक क्रिया स्वतःची उष्णता स्वतःच तयार करत राहते. एक सेल शेजारचीला तापवते, ती तिच्या शेजारचीला. ज्वाळा दबली तरी हे चालूच राहतं. त्याला उतारा एकच, थंड करणं. म्हणजे पाणी. केबिनमध्ये धूर निघाला तर लगेच दिसतो, वास येतो आणि हवाई सुंदरी पाण्याच्या बाटल्या ओतू शकते. खाली कोण जाणार ओतायला?

वरसुद्धा नजरेआड ठेवलं की पंचाईत. २८ जानेवारी २०२५ ला दक्षिण कोरियात बुसानच्या विमानतळावर एअर बुसानचं ए-३२१ उड्डाणाच्या तयारीत असताना डोक्यावरच्या कप्प्यात पेटलं. विमान जमिनीवर होतं म्हणून सगळे १७६ जण बाहेर पडले. तपासात बोट पॉवरबँककडे गेलं. तेव्हापासून काही कंपन्या पॉवरबँक वरच्या कप्प्यात ठेवू देत नाहीत, काही तर विमानात वापरूही देत नाहीत. खिशात किंवा समोरच्या जाळीत ठेवा.

हिशोब : अँपिअर-तास गुणिले व्होल्ट. २०,००० एमएएचची असेल तर २० गुणिले ३.७, म्हणजे ७४ वॉट-तास. शंभरपर्यंत चालतं. शंभर ते एकशेसाठला विमान कंपनीची परवानगी लागते, त्याही दोनच. त्याच्या वर प्रवाशाला नाहीच. आणि पॉवरबँकेवरचा आकडा पुसला गेला असेल तर सुरक्षावाला ती काढून घेणार, तिथे भांडू नका.

तिरकस नागपूरकर

काय सांगून राहिले भाऊ! म्हणजे माझ्या खिशातल्या बॅटरीची एवढी काळजी, आणि मालवाहू विमानात तर लाखो बॅटऱ्या भरून नेतात ना? तिथं कोणी पाणी ओतायले बसला असते काय?

मले तर वाटते हा सगळा सरचार्जचा धंदा हाय. स्टिकर लावलं की दुप्पट भाडं, कागद बनवला की फी, कागद तपासला की पुन्हा फी.

सहारचा काटा

नागपूरकर, पहिल्या मुद्द्यावर तुम्ही नेमकं बोट ठेवलंत. दुसऱ्याकडे नंतर येतो.

३ सप्टेंबर २०१०, दुबई. यूपीएस कंपनीचं ७४७ मालवाहू विमान कोलोनला निघालं. मालात हजारो लिथियम बॅटऱ्या. उड्डाणानंतर वीसेक मिनिटांत आगीची सूचना आली. कॉकपिटमध्ये इतका धूर भरला की वैमानिकाला समोरची उपकरणं दिसेनात. दोघेही गेले. वर्षभराच्या आत, २८ जुलै २०११ ला, कोरियाच्या जेजू बेटाजवळ एशियाना कंपनीचं आणखी एक मालवाहू ७४७ समुद्रात पडलं. त्याच्यातही लिथियम बॅटऱ्या आणि ज्वालाग्राही द्रव होते. तिथेही दोघे गेले.

यानंतर नियम आवळले. १ एप्रिल २०१६ पासून नुसत्या लिथियम आयन बॅटऱ्या, म्हणजे यूएन ३४८० (धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय यादीतला त्यांचा नंबर), प्रवासी विमानात माल म्हणून नेता येत नाहीत. मालवाहू विमानात न्यायच्या तर ३० टक्क्यांपेक्षा जास्त चार्ज नको. सेलमध्ये साठवलेली ऊर्जा जेवढी कमी, तेवढी एकीची आग दुसरीला लागायची शक्यता कमी.

पूर्ण उत्तर हे नाही, हे मान्य. मालवाहू विमानातले दोन वैमानिक अजूनही त्या बॅटऱ्यांच्या भरवशावरच उडतात.

लोटेकर

नमस्कार काका. लोटे एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे, औषधांचे इंटरमीडिएट बनवतो. जर्मनीच्या एका गिऱ्हाइकाला सँपल पाठवायचंय. २५ मिलीच्या चार बाटल्या, सॉल्व्हंटमधलं द्रावण, ज्वालाग्राही. फॉरवर्डरने, म्हणजे माल पाठवून देणाऱ्या एजंटने, जो आकडा सांगितला तो ऐकून घाम फुटला. सँपलचे पैसे तर गिऱ्हाईक देतच नाही. आमच्या ओळखीतला एक जण म्हणतो, ‘लॅब रीएजंट, नॉन-हॅझार्डस’ असं लिही आणि कुरियरने सोड, मी कायम असंच करतो.

मी तसं करणार नाही, म्हणून तर विचारतोय. पण खरंच दुसरा मार्ग नाही का?

किरणोत्सारी

लोटेकर, तुमच्या त्या ओळखीतल्या माणसाला क्वालालंपूरची गोष्ट सांगा.

मार्च २०००. बीजिंगहून मलेशिया एअरलाइन्सच्या ए-३३० मधून ऐंशी पिंपं आली, पुढे आपल्या चेन्नईला जायची होती. कागदावर हायड्रॉक्सिक्विनोलीन, म्हणजे एक घन पावडर. उतरवताना हमाल गुदमरायला लागले, पाच जण आजारी पडले. प्रत्यक्षात होतं ऑक्झॅलिल क्लोराइड, आणि ते गळून विमानाच्या पोटात पसरलं होतं. विमान इतकं खराब झालं की पुन्हा उडालंच नाही, भंगारात काढलं. पुढे कोर्टात माल पाठवणाऱ्या कंपनीला कोट्यवधी डॉलरची भरपाई बसली.

लोटेकर

ऑक्झॅलिल क्लोराइड??? अहो, आम्ही त्याची बाटली फ्यूमहूडच्या (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटाच्या) बाहेर उघडत नाही. हवेतल्या ओलाव्याशी गाठ पडली की हायड्रोक्लोरिक आम्ल आणि कार्बन मोनॉक्साइड. आणि अ‍ॅल्युमिनियमचं विमान! देवा.

ओळखीतल्याला फोन करून वाचून दाखवलं. म्हणाला, माझं तसलं नसतं रे. हे वाक्य सगळेच म्हणत असणार.

सहारचा काटा

लोटेकर, मार्ग आहे. आणि तो फॉरवर्डरने सांगितला नाही, याचं मला वाईट वाटलं पण नवल वाटलं नाही.

आधी तुमच्या मालाची सुरक्षा पत्रिका, तुम्ही एमएसडीएस म्हणता ती, काढा. तिचा १४ वा विभाग वाहतुकीचा असतो. त्यात यूएन नंबर, वर्ग (धोका कुठल्या प्रकारचा) आणि पॅकिंग ग्रुप (धोका किती मोठा) दिलेला असतो. तुम्ही सांगता त्यावरून मला यूएन १९९३, वर्ग ३, पॅकिंग ग्रुप दोन वाटतंय, पण माझ्या वाटण्यावर जाऊ नका, विभाग १४ बघा. बऱ्याच छोट्या युनिटांत पत्रिका तिसऱ्याच कुणाची तरी कॉपी केलेली असते आणि १४ वा विभाग कोरा असतो. तसं असेल तर आधी ते नीट करा.

त्या नंबरासमोर यादीत एक कोड असतो, ई-० पासून ई-५ पर्यंत. ‘एक्सेप्टेड क्वांटिटी’, अगदी अल्प मात्रेची सवलत. पॅकिंग ग्रुप दोनच्या ज्वालाग्राही द्रवाला साधारणपणे ई-२ : आतली बाटली ३० मिलीपर्यंत, सगळं खोकं मिळून ५०० मिलीपर्यंत. तुमचे चार पंचवीस म्हणजे शंभर. आरामात बसतं. ई-० असेल तर मात्र सवलत नाही.

यात लाल तिरक्या रेघांच्या काठाचं ते मोठं डिक्लेरेशन लागत नाही. पॅकिंग मात्र हलक्यात घेऊ नका. बाटली, तिच्याभोवती शोषून घेणारं गादीसारखं काहीतरी, मग मधलं आवरण, मग बाहेरचं मजबूत खोकं. तयार खोकं १.८ मीटरवरून टाकलं तर गळता कामा नये, आणि तीन मीटर उंच थप्पीचं वजन चोवीस तास सोसलं पाहिजे. बाहेर दहा सेंटिमीटर चौकोनाचं, तिरक्या रेघांच्या किनारीचं चिन्ह लावायचं, त्यात वर्गाचा आकडा आणि तुमचं नाव. एअरवे बिलावर, म्हणजे विमानाच्या मालपावतीवर, तसा उल्लेख आणि किती खोकी ते.

सगळ्या विमान कंपन्या घेत नाहीत, आधी विचारून घ्या. पोस्टाने तर नाहीच.

लोटेकर

काका, साष्टांग. शोषून घेणारं म्हणून लाकडाचा भुसा चालेल का? तो इथे फुकट मिळतो.

सहारचा काटा

भुशाला हातही लावू नका!

३ नोव्हेंबर १९७३. पॅन अ‍ॅमचं ७०७ मालवाहू विमान न्यूयॉर्कहून स्कॉटलंडला निघालं. मालात नायट्रिक आम्लाच्या काचेच्या बाटल्या, भोवती लाकडी भुसा. आम्ल गळलं. नायट्रिक आम्ल नुसतं जाळत नाही, ते ऑक्सिडायझर आहे, दुसऱ्याला जळायला ऑक्सिजन पुरवतं. भुसा त्याच्यासाठी सरपण. कॉकपिट धुराने भरलं, बोस्टनला उतरायचा प्रयत्न केला, धावपट्टीच्या अलीकडेच विमान पडलं. तिघे गेले. विमानातल्या धोकादायक मालाचे नियम कडक होण्यात या अपघाताचा मोठा वाटा आहे.

तुमचं द्रावण ऑक्सिडायझर नाही हे मला कळतं. पण पॅकिंग करणाऱ्या पोराला आज भुसा चालला की उद्या तो पेरॉक्साइडलाही भुसाच घालेल. व्हर्मिक्युलाइट (न जळणारं, द्रव शोषणारं खनिज) आणा, कुंड्यांसाठी नर्सरीतही मिळतं.

फराळवाली न्यूजर्सी

मी इथे प्रश्न विचारू का? तुमच्या रसायनांपुढे माझं अगदीच स्वयंपाकघरातलं आहे.

आई दिवाळीच्या आधी येतेय पुण्याहून. यादी अशी : चकली, लाडू, अनारशाचं पीठ, गोडा मसाला, सुक्या खोबऱ्याच्या वाट्या, कापूर, उटणं, अत्तर आणि नातवासाठी ‘थोड्याशाच’ फुलबाज्या. फुलबाज्यांना मी नाही म्हटलंय, ती म्हणते कोण बघतंय. बाकी सगळं चालेल ना?

तिरकस नागपूरकर

अनारसे वर्ग १ मध्ये येतात ताई. तळताना फुटतात.

बंड्या बॅटरीवाला

हहपुवा (हसून हसून पुरेवाट)

सहारचा काटा

ताई, हे अजिबात ‘अगदीच’ नाही. आईंना सांगा, फुलबाज्या वर्ग १, स्फोटकं. ना हातातल्या बॅगेत, ना चेक-इनमध्ये. ‘कोण बघतंय’चं उत्तर एक्स-रे यंत्र.

चकली-लाडवाला आमची हरकत नाही, कस्टमवाल्यांचं त्यांना विचारा.

सुकं खोबरं. याच्यावर लोक हसतात, पण यादीत ते आहे : कोप्रा, हे सुक्या खोबऱ्याचंच इंग्रजी नाव, यूएन १३६३, वर्ग ४.२, म्हणजे आपोआप तापणारा पदार्थ. खोबऱ्यातलं तेल हवेतल्या ऑक्सिजनशी हळूहळू क्रिया करतं आणि ऊब तयार होते. दोन वाट्या ताटात ठेवल्यात तर ती ऊब निघून जाते. पोती एकावर एक रचली की आतली ऊब बाहेर पडत नाही, ती क्रिया वाढवते, त्याने ऊब आणखी वाढते. गवताची गंजी आतून धुमसते तसं. त्यामुळे खोबऱ्याच्या वाट्या चेक-इनमध्ये पकडल्या गेल्या की काढून ठेवतात. गोडा मसाल्यात भाजून वाटलेलं खोबरं ही वेगळी गोष्ट, त्याला कुणी कोप्रा म्हणत नाही. हातातल्या बॅगेत नारळ सुरक्षेच्या कारणाने चालत नाही. शबरीमलाच्या यात्रेकरूंना मात्र इरुमुडीतल्या (डोक्यावरच्या पूजेच्या गाठोड्यातल्या) नारळासाठी २०२४-२५ च्या यात्रेत २० जानेवारीपर्यंत खास सूट दिली होती.

कापूर : पूजेच्या वड्या बहुतेक कृत्रिम कापराच्या असतात. यूएन २७१७, वर्ग ४.१, ज्वालाग्राही घन. नको. एका काडीत पेटतो म्हणून तर आपण तो आरतीला घेतो.

अत्तर चालेल. प्रसाधनं आणि औषधं मिळून माणशी दोन लिटर किंवा दोन किलो, एकेक बाटली अर्ध्या लिटरपेक्षा मोठी नको. हातातल्या बॅगेत शंभर मिलीचा नियम वेगळा. बाटलीचं झाकण चिकटपट्टीने बंद करा. सामानाच्या जागेतही केबिनसारखाच दाब ठेवतात, पण तो साधारण सहा ते आठ हजार फुटांवरच्या हवेइतका. महाबळेश्वरहून बराच वर. बाटलीतली हवा फुगते आणि फटीतून द्रव ढकलते. म्हणूनच मालातल्या द्रवाच्या बाटल्यांना ९५ किलोपास्कल दाबाचा फरक सोसण्याची अट असते.

उटणं चालेल. विस्कटलेल्या उटण्याची पावडर बघून तुमच्या तिकडच्या विमानतळावर काय होईल, ते मी सांगू शकत नाही.

फराळवाली न्यूजर्सी

कापूर?! मी दरवेळी नेते आणि कुणी काही म्हणत नाही.

आईला फोन केला. म्हणाली, तुझ्या त्या काकांना सांग, आम्ही साठ वर्षं देवापुढे कापूर लावतोय, घर नाही पेटलं.

किरणोत्सारी

माझं पण थोडं लिहितो, कारण माझा माल सगळ्यांना सर्वात भीतीदायक वाटतो.

मी एका रुग्णालयात न्यूक्लिअर मेडिसिनला तंत्रज्ञ आहे. हाडांचा किंवा हृदयाचा स्कॅन करायला टेक्नेशियम-९९एम हे किरणोत्सर्गी द्रव्य लागतं. त्याचं अर्ध-आयुष्य फक्त सहा तास, म्हणजे तेवढ्यात निम्मं विघटन होऊन जातं, म्हणून ते साठवून ठेवता येत नाही. त्याऐवजी मॉलिब्डेनम-९९ चा जनरेटर मागवतात आणि रोज सकाळी त्यातून टेक्नेशियम दुहून घेतात. आम्ही खरंच ‘गाय’ म्हणतो त्याला. मॉलिब्डेनमचं अर्ध-आयुष्य ६६ तास. देशभरात ही समस्थानिकं पुरवणारी सरकारी संस्था ब्रिट, वाशीला. तिथून खोकी विमानाने गावोगाव जातात.

आता समजा, एखाद्या ठिकाणी कर्मचाऱ्याने पिवळा पंखांचा स्टिकर बघितला आणि खोकं बाजूला ठेवलं. एक दिवस गेला की पाचव्या हिश्शाहून जास्त माल नुसता विघटन होऊन गेला. इकडे माझ्या बाकावर दहा रुग्ण उपाशीपोटी बसलेत. हे माझ्या बाबतीत दोनदा झालंय. कुठे, ते सांगत नाही. नियम मोडला म्हणून खोकं अडलं नव्हतं. सगळे कागद बरोबर होते, एका माणसाला भीती वाटली एवढंच.

बंड्या बॅटरीवाला

पण भीती वाटणारच ना सर? मी सीटवर बसलोय आणि खाली किरणोत्सर्गी खोकं!

किरणोत्सारी

किती जवळ आणि किती तीव्र, हे मोजूनच ठेवतात. खोक्यावर ‘ट्रान्सपोर्ट इंडेक्स’ लिहिलेला असतो. एक मीटरवर ताशी जेवढा मिलिसिव्हर्ट (किरणांची मात्रा मोजायचं एकक) डोस मिळतो त्याला शंभरने गुणायचं. पिवळ्या-दोन लेबलला हा आकडा जास्तीत जास्त १. म्हणजे एक मीटरवर ताशी ०.०१ मिलिसिव्हर्ट. पिवळ्या-तीनला १० पर्यंत. खोक्यांच्या बेरजेवरून माणसांपासून किती अंतर ठेवायचं याचे तक्ते आहेत. आणि एवढ्या उंचीवर आकाशातूनच जमिनीपेक्षा कितीतरी पट किरणं अंगावर येतात, त्याबद्दल मात्र कुणी तिकीट रद्द करत नाही.

सहारचा काटा

किरणोत्सारी सर, तुमची तक्रार आमच्या लाइनीची खरी तक्रार आहे. वैमानिकाला कुठलंही खोकं नाकारायचा अधिकार आहे आणि तो असलाच पाहिजे. उड्डाणाआधी त्याच्या हातात एक यादी देतात, नोटॉक म्हणतात तिला : कुठला माल, किती, कुठल्या कप्प्यात. संकट आलं तर तो ती माहिती खाली कळवतो, म्हणजे आग विझवणाऱ्यांना कळतं की आत काय आहे. पण ‘भीती वाटली’ हे कारण चेकलिस्टवर नसतं. दर दोन वर्षांनी आम्हाला परीक्षा देऊन सर्टिफिकेट नवं करावं लागतं, ते स्टिकर बघून पळायला नव्हे.

तिरकस नागपूरकर

माझ्या सरचार्जचं उत्तर राहिलं भाऊ. विसरलो नाई मी.

सहारचा काटा

नाही विसरलो.

अर्धं तुमचं बरोबर आहे. तपासायला प्रशिक्षित माणूस लागतो, वेळ लागतो, जागा वेगळी लागते, त्याचे पैसे लागणारच. पण एकाच कागदासाठी तिघांनी तीनदा फी घेतलेली मी पाहिली आहे. त्याचा परिणाम काय होतो, तर लोटेकरांच्या ओळखीतला माणूस ‘नॉन-हॅझार्डस’ लिहितो. जो खरं सांगतो तो महाग आणि उशिरा जातो. जो लपवतो तो स्वस्त आणि वेळेवर. माझ्या टेबलावर आलेल्या यूएन नंबरवाल्या खोक्याची मला भीती वाटत नाही, त्याची आम्ही खातिरदारी करतो. भीती वाटते ती ‘मोबाइल अ‍ॅक्सेसरीज’ लिहिलेल्या, हाताला प्रमाणाबाहेर जड लागणाऱ्या खोक्याची. एकदा असंच एक उघडलं तर आत सुट्या सेल, टोकांना साधी चिकटपट्टीही नाही, एकमेकींवर नाण्यांसारख्या खुळखुळत होत्या. पाठवणारा म्हणाला, "साहेब, चाळीस वेळा गेलंय."

लोटेकर

पण काका, हे वाचून मला थोडा रागच येतोय. म्हणजे तुम्हाला माहितीय की फीमुळे लोक लपवतात, आणि तरी फी तशीच? आमच्यासारख्यांनी प्रामाणिकपणाचा दंड किती वर्षं भरायचा?

सहारचा काटा

फी ठरवणारा मी नाही. पण राग बरोबर आहे, तो इथे राहू द्या.

फॉर्म भरणारी

उशिरा आले. मी एका सीएचएच्या, म्हणजे कस्टम एजंटच्या, ऑफिसात कागद बनवते, सहारलाच. काटा काकांना माझे किती कागद परत करताना हात दुखला असेल, त्यांनाच ठाऊक. :)

पार्ट्यांना दोनच गोष्टी सांगते. एक, मालाचं दुकानातलं नाव चालत नाही. ‘थिनर’ लिहून आणतात, ‘केमिकल’ लिहून आणतात. यादीतलं प्रॉपर शिपिंग नेमच हवं, आणि क्रम ठरलेला : यूएन नंबर, नाव, वर्ग, पॅकिंग ग्रुप. खाडाखोड केली तर तिथे सही हवी, आणि तीही डिक्लेरेशन करणाऱ्याचीच. साहेब गावाला गेलेत म्हणून शिपायाने केली तर परत. दोन, खोकं आम्ही आणून देऊ पण सही तुमची. काही झालं तर कायदा तुम्हाला विचारणार, ‘एजंटने भरलं’ हे ऐकून घेणार नाही.

आणि हो, यूएन शिक्क्याचं खोकं आणि शेजारच्या किराणा दुकानातलं खोकं यात फरक असतो. त्याच्यावर ४जी (पुठ्ठ्याच्या खोक्याचा कोड), मग एक्स, वाय किंवा झेड (किती धोक्याच्या मालाला चालतं ते) आणि एक वजन छापलेलं असतं. ते नक्षी म्हणून नसतं. आपल्याकडे अंधेरीच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पॅकेजिंगमध्ये अशा खोक्यांच्या चाचण्या होतात.

सहारचा काटा

तुमचे कागद कमी परत करतो हो. चांगले असतात.

लोटेकर (नऊ दिवसांनी)

अपडेट. सँपल पहिल्यांदा परत आलं.

विभाग १४ बरोबर, बाटल्या बरोबर, व्हर्मिक्युलाइट चिपळूणच्या नर्सरीतून आणलं, नवीन चिन्ह छापलं. पण खोकं आमच्याच गोदामातलं जुनं. त्याच्या एका बाजूला वर्ग ८ चं, आम्लाचं, अर्धं फाटलेलं लेबल राहून गेलं होतं. टेबलावरचा माणूस म्हणाला, आत नक्की काय आहे? काका, तो तुम्ही नव्हता ना?

नवीन खोकं घेतलं. परवा रात्री गेलं. काल फ्रँकफर्टला पोचलं. भाडं पहिल्या आकड्यापेक्षा बरंच कमी पडलं, तरी ओळखीतल्याच्या कुरियरपेक्षा जास्तच. तो हसला.

सहारचा काटा

मी नव्हतो, त्या दिवशी माझी सुट्टी होती. पण असतो तर मीही तेच केलं असतं. जुनी लेबलं पूर्ण खरवडून काढायची किंवा झाकायची.

फराळवाली न्यूजर्सी

आई पोचली. फुलबाज्या आणि कापूर पुण्यालाच काढून ठेवले (फुलबाज्या वॉचमनच्या मुलाला दिल्या). खोबऱ्याच्या वाट्या मात्र गुपचूप घातल्या होत्या, त्या मुंबईच्या विमानतळावर काढून घेतल्या. अत्तराची बाटली चिकटपट्टी लावूनही थोडी गळली, सगळ्या चकल्यांना हिना अत्तराचा वास येतोय. जावई म्हणतो, छान लागतात.

कापूर इथल्या देशी दुकानात मिळाला. आई म्हणते, बघ, शेवटी इथे कापूर आलाच ना भारतातून?

सहारचा काटा

आला असेल, पण जहाजाने, महिनाभर डुलत. डब्याच्या खोक्यावर २७१७ लिहिलेलं असणार, दुकानदाराला दाखवायला सांगा.

फराळवाली न्यूजर्सी

विचारलं. मागून खोकं आणून दाखवलं त्याने. लिहिलंय! आईने चष्मा लावून स्वतः वाचलं आणि काही बोलली नाही.